नाईलचा प्रवास आणि स्मारकांचे निरूपण

१

इ. स. पू. ११२ मध्ये ल्यूसियस मेम्मियस नावाचा रोमच्या सेनेटचा एक सभासद अलेक्झांड्रियाहून नाईल नदीने आर्सिनोई प्रांतातील प्रेक्षणीय स्थळे पाहावयास निघाला. त्याच्या आगमनाची सूचना देणारे एक शासकीय पत्र आज उपलब्ध आहे. पाहुण्याचे स्वागत विशेष थाटाने व्हावे, त्याच्या मुक्कामाच्या खोल्या व नदीवरील उतार आधीच सज्ज असावेत, पेटेसूखोस या मगररूपी देवतेला व तेथील मगरींना घालावयाचा खाऊ हाताशी असावा, ‘लॅबिरिंथ’ पाहण्याच्या वेळी लागणाऱ्या वस्तूंत उणीव राहू नये, असे त्यात बजावले आहे. हा लॅबिरिंथ म्हणजे हवारा येथील तिसऱ्या अमेनेमहेत राजाचे विस्तीर्ण स्मृतिमंदिर होय. १८९९-१९०० च्या हिवाळ्यात तेब्तुनिस येथे ग्रेनफेल व हंट यांनी केलेल्या उत्खननात मगरींच्या ममी सापडल्या. त्यांच्या वेष्टनांसाठी वापरलेल्या रद्दी पपायरसांत हे पत्र टिकून राहिले होते. ज्या मगरींना खाऊ घालून पाहुण्यास दाखवावयाचे, त्यांच्याच जातीच्या एका देहाने हा पुरावा दोन सहस्र वर्षे जतन केला.

पत्रातील तपशिलावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नाईलवरील स्मारकदर्शन ही अर्वाचीन युरोपची निर्मिती नव्हे. नौका, उतार, मुक्काम, ठरलेली स्थळे आणि ती दाखविणारा माणूस ही या प्रवासाची पाचही अंगे मेम्मियसच्या काळी सिद्ध होती. तीर्थक्षेत्री यात्रेकरू उतरला की क्षेत्रोपाध्याय त्याचा ताबा घेतो. कोणते कुंड आधी, कोणते देऊळ नंतर आणि कोणत्या स्थानाची कोणती कथा, हे तोच ठरवितो. नाईलच्या प्रवाशाचीही स्थिती याहून निराळी नव्हती. स्मारके जागच्या जागी राहिली; त्यांचा क्रम आणि त्यांचा अर्थ मात्र ती दाखविणाऱ्याच्या हाती राहिला. हा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला व त्यामुळे ईजिप्तच्या इतिहासाचा कोणता भाग दृष्टीस पडला आणि कोणता दृष्टीआड झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

हीरॉडोटस इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यास ईजिप्तमध्ये आला तेव्हा गीझाचा मोठा पिरॅमिड दोन हजार वर्षांचा जुना झाला होता. त्यावरील एका लेखात मजुरांना दिलेल्या मुळा, कांदा व लसूण यांचा खर्च नोंदविलेला असून ती रक्कम सोळाशे टॅलेंट रुपे इतकी होते, असे दुभाष्याने सांगितल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पिरॅमिडवर असा हिशेब कोरला जाणे संभवनीय नाही. दुभाष्यास प्राचीन लिपी वाचता येत नसावी, किंवा परक्या पाहुण्यास रुचेल असे काही त्याने सांगितले असावे. ईजिप्तच्या इतिहासलेखनाच्या आरंभीच वाटाड्याची ही कथा ग्रंथात शिरली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच्या उलट उदाहरण टॅसिटसने दिले आहे. इ. स. १९ मध्ये सम्राट टायबेरियसचा दत्तक पुत्र जर्मॅनिकस नाईलमार्गे थीब्जला गेला. तेथील एका वृद्ध पुरोहिताने भिंतींवरील लेखांचा अर्थ त्यास सांगितला : पूर्वी या नगरीत शस्त्र धरू शकणारे सात लाख पुरुष होते, त्यांच्या बळावर रॅमसीझ राजाने अनेक देश जिंकले, त्या त्या देशावर इतकी इतकी खंडणी बसविली. आकडा फुगविलेला असला तरी विजयगाथा व खंडणीच्या याद्या हा कर्नाकच्या भिंतींवरील लेखांचा खराच विषय आहे. पुरोहित वाचत होता, हे यावरून निश्चित होते. शिवाय आपण जिंकलेल्या देशातील एक वृद्ध आपल्याला तुल्यबळ अशा एका जुन्या साम्राज्याचा हिशेब ऐकवीत आहे, हे त्या रोमन राजपुत्राच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसेल.

तथापि असे वाचक विरळ होत चालले होते आणि प्रवाशांना त्यांची गरजही वाटत नव्हती. नाईलच्या पश्चिम तीरावरील तिसऱ्या अमेनहोतेप राजाच्या दोन प्रचंड मूर्तींपैकी एक मूर्ती भंगल्यावर तिच्यातून सूर्योदयाच्या सुमारास ध्वनी निघे. ग्रीक व रोमन प्रवाशांनी तिला आपल्या पुराणातील मेम्नॉन ठरविले. तिच्या पायांवर ग्रीक व लॅटिन भाषांत शंभरांहून अधिक लेख कोरलेले आहेत. इ. स. १३० मध्ये सम्राट हेड्रियन पत्नी सबायनासह तेथे आला, तेव्हा परिवारातील ज्यूलिया बाल्बिला हिने रचलेली पद्येही त्यांत आहेत. या साऱ्या लेखांत मेम्नॉनचा जयजयकार आहे. ज्याची ती मूर्ती, त्या राजाला मात्र त्यांत स्थान नाही म्हटले तरी चालेल.

चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख फिली येथील मंदिरात इ. स. ३९४ च्या २४ ऑगस्ट या दिवशी कोरला गेला. त्यानंतर १८२२ मध्ये शांपोल्यॉंने लिपीचा उलगडा करीपर्यंत, म्हणजे चौदाशेहून अधिक वर्षे, नाईलकाठच्या भिंती मुक्या होत्या. या काळात स्मारकांकडे कोणी डोळसपणे पाहिलेच नाही, असे मात्र समजू नये. बगदादचा विद्वान अब्दुल लतीफ याने इ. स. १२०० च्या सुमारास गीझा व मेंफिस येथील अवशेषांचे वर्णन केले आहे. स्फिंक्सच्या मुखाच्या प्रमाणबद्धतेची त्याने वाखाणणी केली आणि गुप्तधनाच्या लोभाने जुन्या मूर्ती फोडणाऱ्यांचा निषेध केला. लिपी वाचता येत नसतानाही शिल्पाचे मोल त्याला कळले होते.

याच मौनाच्या अखेरीस घडलेल्या एका प्रसंगाचा संबंध हिंदुस्थानाशी येतो. १८०१ मध्ये फ्रेंचांविरुद्ध लढण्यासाठी सर डेव्हिड बेअर्ड याच्या हाताखाली हिंदुस्थानातून एक फौज तांबड्या समुद्रावरील कोसेर बंदरी उतरली. तीत मुंबई इलाख्याच्या देशी पायदळाच्याही तुकड्या होत्या. वाळवंट ओलांडून ही फौज केना येथे नाईलवर आली व तेथून नौकांनी खाली गेली. केनासमोरच्या तीरावर देंदेरा येथील हाथोर देवीचे मंदिर आहे. ते पाहून काही शिपायांनी आपल्याच देवतेचे देवालय म्हणून साष्टांग नमस्कार घातला, अशी हकीकत पुढील युरोपीय प्रवासवर्णनांत येते. ती तंतोतंत खरी धरण्याची गरज नाही. परंतु ती पुनःपुन्हा सांगितली गेली यास अर्थ आहे. नाईलकाठची मंदिरे जाणत्या जगाला केवळ ‘अवशेष’ झाली होती. त्यांना देऊळ म्हणून ओळखणारे प्रवासी त्या जगाला नवलाचे, किंबहुना काहीसे हास्यास्पद वाटले.

३

लिपीचा उलगडा झाल्यानंतर निरूपणाचे स्थान पुरोहिताच्या वाणीतून छापील ग्रंथात गेले. जॉन गार्डनर विल्किन्सन याने १८२७ मध्ये राजांच्या खोऱ्यातील थडग्यांवर रंगाने क्रमांक घातले. तीच क्रमपद्धती पुढे वाढवीत आजही चालू आहे. १८४७ मध्ये मरे या प्रकाशकाने त्याची ईजिप्तच्या प्रवाशांसाठीची पुस्तिका प्रसिद्ध केली. स्थळांच्या वर्णनाबरोबर तीत नौका कशी ठरवावी, करार कसा करावा, उंदीर घालविण्यासाठी नौका आधी पाण्यात बुडवून कशी काढावी, इथपर्यंत सूचना आहेत.

ही नौका म्हणजे ‘दहबिया’ : सपाट तळाची, मागील भागी प्रवाशांच्या खोल्या असलेली व मोठ्या तिरप्या शिडाची. तिचा तांडेल तो ‘रईस’. प्रवाशाची सर्व व्यवस्था पाहणारा तो ‘तर्जुमान’. मराठीतील ‘तर्जुमा’ हा शब्द त्याच अरबी मुळाचा. नाईलवर प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो आणि वारा बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. त्यामुळे वर जाताना शीड उभारावयाचे व खाली येताना ते उतरवून प्रवाहाबरोबर वल्ही मारीत यावयाचे, हा क्रम फेरोंच्या काळापासून ठरलेला आहे. चित्रलिपीतही दक्षिणेकडे जाणे या अर्थी शिडाची नौका व उत्तरेकडे जाणे या अर्थी शीड उतरविलेली नौका काढीत.

या नैसर्गिक नियमातून प्रवाशांचा एक प्रघात निर्माण झाला. अनुकूल वारा आहे तोवर न थांबता दक्षिण टोक गाठावयाचे आणि स्मारके परतताना पाहावयाची. पिरॅमिडांचे क्षेत्र उत्तरेस असल्यामुळे अशा प्रवाशास अबू सिंबेल आधी व सक्कारा शेवटी दिसे. १८७३-७४ मध्ये ‘फिली’ नावाच्या दहबियातून प्रवास करणाऱ्या अमेलिया एडवर्ड्‌झ या इंग्रज लेखिकेने या प्रघातावर आक्षेप घेतला. ईजिप्तचा इतिहास नदीच्या उलट दिशेने वाहतो, जुनी स्मारके खाली व नवी वर आहेत, तेव्हा जाताना पाहिले तरच इतिहासाची संगती लागते, असे तिचे म्हणणे होते. स्थूलमानाने ते बरोबर आहे. प्रवासाचा क्रम हा इतिहासाच्या आकलनाचाही क्रम असतो, हे सूत्र येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडलेले दिसते.

एडवर्ड्‌झच्या प्रवासात त्या युगाचे गुणदोष एकत्र आढळतात. अबू सिंबेलच्या एका भव्य मुखावर पूर्वी साचा घेताना चुन्याचे पांढरे डाग राहिले होते; तिच्या खलाशांनी वल्ह्यांचा माचा बांधून ते डाग कॉफीने रंगवून शिळेच्या वर्णाशी मिळविले. मोठ्या मंदिराच्या दक्षिणेस एक रंगीत चित्रांची लहान खोली या मंडळींनी वाळूतून मोकळी केली आणि तिच्या दाराच्या आतल्या बाजूस स्वतःची नावे व १६ फेब्रुवारी १८७४ ही तारीख लिहून ठेवली. प्रवाशांच्या हातून होणाऱ्या नासधुशीने व्यथित होऊन १८८२ मध्ये ‘ईजिप्त एक्स्प्लोरेशन फंड’ स्थापण्यात पुढाकार घेणारी व्यक्ती हीच. प्रेम आणि स्वामित्व यांमधील रेषा किती पुसट असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

४

दहबियाचा प्रवास महिनोन्‌महिने चाले व श्रीमंतांसच परवडे. १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला त्याच वर्षी, टॉमस कुकने भाड्याच्या दोन आगबोटींतून प्रवाशांचा पहिला गट नाईलवर नेला. १८७० पासून खेदिवच्या आगबोटींची आडत त्याच्या पेढीकडे आली आणि १८८० मध्ये प्रवासी वाहतुकीचा एकाधिकार मिळाला. १८८४-८५ मध्ये खार्टूममध्ये अडकलेल्या गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेली ब्रिटिश फौज व तिचे सामान याच पेढीने नदीतून वाहून नेले. त्यात जुन्या बोटी झिजल्या, तेव्हा १८८६ पासून पेढीने स्वतःचा नवा ताफा बांधला. ज्या नदीने सैन्य गेले त्याच नदीने, त्याच व्यवस्थेखाली, दोनच वर्षांनी सहलीचे प्रवासी जाऊ लागले. १८८२ मध्ये ब्रिटिशांनी ईजिप्त व्यापला होता, या पार्श्वभूमीवर हा योगायोग म्हणता येणार नाही.

आगबोटीने वेळापत्रक आणले. कैरोहून अस्वान सुमारे ९५० किलोमीटर. जाऊन येऊन वीस दिवस. प्रत्येक स्थळी किती तास, गाढवे केव्हा सुटणार, कोणत्या थडग्यात मेणबत्त्या लागणार, हे छापील असे. वारा प्रवासाचा स्वामी राहिला नाही. त्याची जागा घड्याळाने घेतली. १८९० मध्ये ब्रिटिश म्यूझियममधील वॉलिस बज याने या पेढीच्या प्रवाशांसाठी नाईलविषयीचे टिपणवजा पुस्तक लिहिले. पुरोहित, तर्जुमान, ग्रंथकार आणि पेढी या निरूपकांच्या परंपरेत येथे शेवटच्या दोघांची युती झाली.

या गर्दीचा एक परिणाम बाजारावर झाला. थीब्जच्या पश्चिम तीरावरील कुर्ना गावचे लोक थडग्यांच्याच परिसरात राहत व सापडतील त्या वस्तू प्रवाशांना विकीत. १८७० नंतरच्या दशकात राजघराण्यातील व्यक्तींच्या नावांचे पपायरस व इतर वस्तू बाजारात येऊ लागल्या, तेव्हा पुराणवस्तुखात्याचा प्रमुख गास्तों मास्पेरो यास संशय आला. अब्द अल्‌-रसूल घराण्यातील भावांवर संशय जाऊन त्यांस केना येथे नेण्यात आले व मारहाणीची चौकशी झाली. अखेर त्यांच्यापैकी एकाने रहस्य सांगितले. जुलै १८८१ मध्ये एमील ब्रुग्श व अहमद कमाल हे दोघे देर अल्‌-बहरीजवळच्या भुयारात उतरले. आत दुसरा रॅमसीझ, पहिला सेती, तिसरा थुटमोस यांसह पन्नासच्या आसपास देह एकत्र ठेवलेले होते. चोरीच्या भयाने अवघ्या दोन दिवसांत भुयार रिकामे करण्यात आले. व्यवस्थित आराखडा किंवा छायाचित्र घेतले गेले नाही, याची हळहळ पुढील संशोधकांना सतत वाटली. देह घेऊन आगबोट उत्तरेस निघाली तेव्हा दोन्ही तीरांवर स्त्रिया केस मोकळे सोडून आक्रोश करीत होत्या व पुरुष प्रेतयात्रेत काढतात तसे बंदुकीचे बार काढीत होते, असे वर्णन आहे. वेळापत्रकाच्या प्रवाशांना जे ‘दर्शनीय’ होते, ते तीरावरील शेतकऱ्यांना आपले मृत पूर्वज वाटले. शादी अब्दुस्सलाम या ईजिप्शियन दिग्दर्शकाने १९६९ मध्ये ‘अल्‌-मूमिया’ हा चित्रपट याच घटनेवर काढला.

त्या भुयारात उतरलेला अहमद कमाल (१८५१-१९२३) हा ईजिप्तचा पहिला ईजिप्तविद्यावेत्ता. चित्रलिपीचा त्याचा बावीस खंडांचा कोश हयातीत प्रसिद्ध होऊ शकला नाही. आयुष्याच्या अखेरीस त्याने तरुण ईजिप्शियनांना या विद्येचे शिक्षण देण्याची गरज मांडली. तेव्हा तुमच्यावाचून फार थोड्या ईजिप्शियनांना या विषयात गोडी दिसली, असे खात्याच्या फ्रेंच प्रमुखाने म्हटले. आपण इतकी वर्षे खाते चालविले, त्यात आम्हांस संधी कोणती दिली, असा कमालने उलट प्रश्न केला. १८५८ पासून १९५२ पर्यंत पुराणवस्तुखात्याची सूत्रे फ्रेंचांकडेच होती. इ. स. १९ मध्ये जर्मॅनिकसला लेख वाचून दाखविणाऱ्या पुरोहिताच्या वारसास आपल्याच भिंती वाचण्याचा अधिकार मागावा लागला, असा या प्रश्नाचा आशय आहे.

५

आगबोटींच्या काळातच नदीचे स्वरूपही बदलले. अस्वानचे पहिले धरण १८९८ ते १९०२ या काळात बांधले गेले व पुढे १९०७-१२ आणि १९२९-३३ मध्ये त्याची उंची दोनदा वाढविण्यात आली. उन्हाळी कापसाला पाणी मिळावे म्हणून जलाशय हिवाळ्यात भरीत आणि पूर येताच दरवाजे उघडीत. यामुळे फिलीचे मंदिर हिवाळ्यात बुडे व पुराच्या सुमारास उघडे पडे. प्रवाशांचा हंगाम नेमका हिवाळ्याचा. ज्या मंदिरासाठी ते इतक्या दुरून येत ते त्यांना पाण्यात उभे असलेले दिसे आणि त्याच्या स्तंभांमधून ते होडीने फिरत. आधीच्या प्रवाशांनी वाखाणलेले भिंतींवरील रंग यात धुऊन गेले. स्मारक आणि शेती यांमध्ये निवड करण्याचा प्रसंग येथे प्रथम आला व तो शेतीच्या बाजूने सुटला. अन्नवस्त्राच्या गरजेपुढे हे अटळ होते, असे म्हणता येईल. परंतु तो कापूस प्रामुख्याने कोणाच्या गिरण्यांसाठी होता, हेही विसरता येत नाही.

१९६० ते १९७० या काळात उच्च धरण झाले. ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने नुबियाच्या स्मारकांसाठी जगास आवाहन केले. अबू सिंबेलची दोन्ही मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात हजाराहून अधिक शिळाखंडांत कापून सुमारे ६५ मीटर वर व २०० मीटर मागे पुन्हा उभारण्यात आली. फिलीचे मंदिर सुमारे ४०,००० खंडांत सोडवून जवळच्या अगिल्किया बेटावर नेण्यात आले. ते काम १९८० मध्ये पुरे झाले. या मोहिमेत भारतानेही भाग घेतला. ब्रजवासी लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने १९६१-६२ च्या हंगामात नुबियातील अफियेह येथे उत्खनन केले. मंदिरे व थडगी यांपेक्षा सामान्य लोकांच्या वसाहतीचा शोध हे त्या कामाचे वैशिष्ट्य होय.

दगड वाचविण्याच्या या भव्य प्रयत्नाशेजारी दुसरी एक घटना घडत होती. १९६३-६४ मध्ये ईजिप्तच्या हद्दीतील सुमारे पन्नास हजार नुबियन लोकांस गावे सोडून कोम ओंबोच्या परिसरातील नव्या वसाहतींत जावे लागले. जवळजवळ तितकेच लोक सुदानच्या हद्दीतून खश्म अल्‌-गिर्बा येथे गेले. मंदिरांना नदीकाठ पुन्हा मिळाला; माणसांना तो मिळाला नाही.

६

आजचा प्रचलित नौकाप्रवास लक्सर ते अस्वान असा तीन-चार रात्रींचा आहे. कैरोहून लक्सरपर्यंतचा जलप्रवास १९९० नंतरच्या दशकात अशांततेमुळे बंद पडला व २०१२ मध्ये पुन्हा खुला झाला. तरी मुख्य रहदारी दक्षिणेकडच्या टप्प्यावरच राहिली. कैरोत पिरॅमिड व संग्रहालय पाहून विमानाने लक्सर गाठावयाचे आणि तेथून नौकेत बसावयाचे, हा आता रूढ क्रम झाला आहे.

या क्रमाचे ऐतिहासिक फलित तपासण्याजोगे आहे. कैरोत प्रवाशास प्राचीन राज्य दिसते, लक्सरला नवे राज्य दिसते. त्यानंतर नौका ज्या घाटांना लागते ती एस्ना, एडफू, कोम ओंबो व फिली येथील मंदिरे बव्हंशी टॉलेमी राजे व रोमन सम्राट यांच्या काळची आहेत. एडफूचे मंदिर इ. स. पू. २३७ ते ५७ या काळात बांधले गेले. त्याच्या गोपुरावर शत्रूंचे केस धरून त्यांच्यावर गदा उगारणारा राजा हा बारावा टॉलेमी, म्हणजे मॅसिडोनियन वंशाचा. मंदिर इतके सुस्थितीत राहिले याचे कारण ते वाळूत बुडाले होते व त्याच्या छपरावर लोकांची घरे होती. १८६० मध्ये मारिएटने ते मोकळे करण्यास आरंभ केला. परकीय राजांनी फेरोंचा वेष का धारण केला आणि पुरोहितांनी तो त्यांस का चढविला, हा ईजिप्तच्या उत्तरकालीन इतिहासातील कळीचा प्रश्न. प्रवाशास मात्र तेथे ‘फेरोंचे मंदिर’ एवढेच दिसण्याचा संभव अधिक.

वगळलेल्या भागाचा विचार केला तर मध्य राज्य जवळजवळ पूर्ण गळून पडते. बेनी हसनची थडगी, अखेनातनची अमार्ना नगरी व अबिडोसचे मंदिर हे सर्व रूढ जलमार्गाच्या उत्तरेस राहते. मेम्मियससाठी ज्याच्या दर्शनाची सिद्धता झाली ते हवाराचे स्मृतिमंदिर दगडांच्या लोभाने नष्ट झाले. १८८८-८९ मध्ये पेट्रीला तेथे प्रामुख्याने पायाची जागा व दगडांच्या कपऱ्याच मिळाल्या. इ. स. पू. ११२ मध्ये जे प्रवासाचे शिखर होते ते आज नकाशावर असूनही प्रवासात नाही.

निरूपणाचा अधिकार आता बऱ्याच अंशी ईजिप्शियनांकडे परतला आहे. ३ एप्रिल २०२१ रोजी बावीस राजदेह कैरोतील जुन्या संग्रहालयातून नव्या संग्रहालयात मिरवणुकीने नेण्यात आले. १८८१ साली देर अल्‌-बहरीच्या भुयारातून आगबोटीने आलेले देहही त्यांत होते. फरक एवढाच की या वेळी यात्रेची आखणी ईजिप्तनेच केली होती. १ नोव्हेंबर २०२५ रोजी गीझाजवळ नवे भव्य संग्रहालय विधिपूर्वक खुले झाले. तथापि अधिकार परतला म्हणजे दृष्टी पालटतेच असे नाही. २००६ नंतर काही वर्षांत कुर्ना गावाची घरे थडग्यांवरून हलविण्यात आली. बुलडोझर फिरला तेव्हा शेकडो वर्षांची वस्ती ही इतिहासाचा भाग न ठरता इतिहासावरील आवरण ठरली. लक्सरच्या मंदिरातील अबुल हज्जाजची मशीद मात्र जुन्या भिंतींवर आजही उभी आहे. एकाच जागी फेरोंचे देऊळ, ख्रिस्ती प्रार्थनास्थळ व मशीद यांचे थर दाखविणारे हे स्थळ निरूपकास अडचणीचे आणि इतिहासकारास मोलाचे वाटते.

स्मारकांच्या अभ्यासकाने स्मारकाबरोबर त्याच्याकडे नेणारा मार्गही पुरावा म्हणून वाचला पाहिजे. कोणते स्थळ घाटाजवळ आहे, कोठे नौका थांबत नाही, कोणता भाग मोकळा करण्यासाठी कोणाचे घर पाडले, हे प्रश्न शिलालेखाच्या वाचनाइतकेच इतिहासाचे आहेत. कोम ओंबोच्या घाटावर नौका लागते तेव्हा प्रवाशास मगररूपी सोबेकचे मंदिर व मगरींच्या ममी दाखविल्या जातात. मेम्मियसच्या पत्रातील देवता या रूपाने अजून प्रवाशाचे स्वागत करते. त्या घाटापासून फार दूर नसलेल्या वसाहतींत जलाशयाखाली गेलेल्या गावांचीच नावे लावून नुबियन कुटुंबे राहतात. तेथे नौका थांबत नाही.